धाकट्या पातीची शाळा

देवास गाव एकच, पण मी लग्न होऊन धारहून तिथं गेले तेव्हा त्यात राज्यं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. महाराज दोन, कचेऱ्या दोन, शाळाही दोन्हीकडच्या वेगळ्या. बाजारातल्या रस्त्याच्या अलीकडचं थोरल्या पातीचं, पलीकडचं धाकट्या पातीचं. आमचं घर अलीकडे. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, थोरल्या पातीच्या फराशखान्यात नोकरीला होते. दरबार भरायचा असला की जाजमं-गालिचे अंथरायचे, कनाती बांधायच्या, आणि सगळं आटोपलं की झटकून घड्या घालून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या आजोबांपासून घरात तेच चालत आलेलं.

पुढे दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन झाली. फराशखाना बंद झाला आणि मामंजी घरी बसले. रस्त्याच्या दोन बाजू कागदावर एक झाल्या, लोकांच्या बोलण्यात नाही झाल्या. मी भाजी घ्यायला पलीकडे गेले तरी ते विचारायचे, "धाकट्या पातीत गेली होतीस का?" आणि असं विचारायचे, की जणू मी परगावाहून आले आहे.

माझे यजमान तहसील कचेरीत कारकून. विलीनीकरणानंतर त्यांची बदली सोनकच्छला झाली. रोज जाणं-येणं परवडण्यासारखं नव्हतं, मोटारीही वेळेवर नसायच्या, म्हणून ते तिथंच खोली घेऊन राहत. शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं घरी येत आणि सोमवारी सकाळी परत जात. त्यामुळे घरातलं जे काही ठरवायचं ते रविवारी ठरे, आणि रविवारी ठरलं नाही तर मला एकटीला ठरवावं लागे.

आम्हाला दोन मुलं. मोठी मुलगी, आणि तिच्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा मुलगा. मुलगी अबोल. मंद मुळीच नव्हती. पाचवीपर्यंत गल्लीतल्या प्राथमिक शाळेत ती पहिल्या चार-पाचांत असायची. पण कुणी काही विचारलं की आधी थांबायची, मनात जुळवायची, आणि मग बोलायची. तोवर विचारणारा पुढे गेलेला असे. घरात आम्ही मराठी बोलायचो, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी. मला वाटायचं, तीन भाषांतून हवा तो शब्द शोधेपर्यंत तिला वेळ लागतो. यजमान म्हणत, ती माझ्यावर गेली आहे.

पाचवी झाली आणि ती मिडलला जाणार हे ठरलं. कुठल्या शाळेत, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. थोरल्या पातीची मुलींची मोठी शाळा होती. दगडी, दुमजली. सहावीपासून पार मॅट्रिकपर्यंत वर्ग, गाण्याच्या बाई वेगळ्या, शिवणाच्या वेगळ्या, भिंतीवर मोठमोठे नकाशे. अधिकाऱ्यांच्या मुली तिथंच जायच्या. मामंजींना त्या शाळेचा फार अभिमान. राज्य असताना दरवर्षी तिथल्या बक्षीस समारंभाची बैठक तेच मांडायचे. प्रवेशाच्या दिवशी ते काळी टोपी घालून आमच्याबरोबर आले आणि नातीला सांगत राहिले, की इथं महाराज बसायचे, इथं राणीसाहेबांसाठी चिकाचा पडदा लावायचो.

तिच्या वर्गात बासष्ट मुली होत्या. त्यांत आमच्या मुलीच्याच नावाची आणि आमच्याच आडनावाची आणखी एक निघाली. नात्यातली नव्हे. मराठी घरांत तीच तीच आडनावं, तीच तीच नावं, त्यामुळे नवल काही नव्हतं. हजेरीपटात एकीच्या नावापुढे 'प्रथम' लिहिलं आणि दुसरीच्या नावापुढे 'द्वितीय'. आमची द्वितीय. पहिल्या महिन्यात मी तिला विचारायची, आज शाळेत काय झालं. ती म्हणायची, "काही नाही." मला त्यात वावगं वाटलं नाही. ती कमीच बोलायची.

गणपती झाले आणि तिला हिवताप आला. थंडी वाजून यायची, दुपारी अंग भट्टीसारखं तापायचं, संध्याकाळी घाम फुटून उतरायचा, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. सरकारी दवाखान्यातून कुनैन आणलं. शाळेचे नऊ दिवस ती अंथरुणात होती. मी शाळेत कळवायला हवं होतं, पण धाकटा लहान, मामंजींचे गुडघे त्या दिवसांत धरले होते, आणि तापाच्या मुलीला सोडून जाववेना. रविवारी ह्यांनी हिंदीत रजेचा अर्ज लिहून दिला आणि दहाव्या दिवशी मी तो घेऊन शाळेत गेले. मुलगी अजून घरीच होती, अशक्त.

वर्गाच्या बाई तरुण होत्या. इंदूरच्या मराठी घरातल्या, बोलायला गोड. मी अर्ज दिला. त्यांनी वाचला, आणि त्या जरा गोंधळल्या. म्हणाल्या, ती तर रोज येते आहे. मी म्हटलं, दुसरी असेल, तिच्याच नावाची. त्यांनी हजेरीपट काढला आणि बोट ठेवून दाखवलं. प्रथमच्या पुढे 'उ', म्हणजे उपस्थित. द्वितीयच्या पुढेही 'उ'. नऊच्या नऊ दिवस.

मी म्हटलं, "नऊ दिवस ती माझ्यासमोर पडून होती, बाई."

त्यांनी पटावरचं बोट काढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बासष्ट मुली आहेत हो. मी नाव घेते, आवाज येतो, मी लिहिते. मान वर करून बघायचं म्हटलं तर पहिला तास हजेरीतच जातो."

मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी माझ्यादेखत ते नऊ 'उ' खोडले, वर सही केली आणि मुलीसाठी सुटलेला अभ्यास एका कागदावर लिहून दिला. पण घरी परत येताना, पोरीनं नऊ दिवस दिसू नये आणि कुणाला काही कमी वाटू नये, हे मला गिळवत नव्हतं. मग जुनं एकेक आठवायला लागलं. तिनं सांगितलं होतं की तिची भूगोलाची वही हरवली. ती हरवली नव्हती, प्रथमच्या वह्यांत गेली होती आणि महिनाभर तिथंच होती. चाचणीत तिला गणितात नापास दाखवलं, आणि मग तो कागद दुसरीचा निघाला. हे सगळं तिनं मला चार-चार दिवसांनी, एकेका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकून सोडून दिलं होतं.

त्या रविवारी मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या शाळेत असं व्हायचंच, पुढच्या वर्षी तुकड्या करतील. मी म्हटलं, पुढचं वर्ष लांब आहे. विषय तिथंच राहिला.

दिवाळीला मी मुलांना घेऊन धारला माहेरी गेले. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन मोटारी बदलून दिवस जायचा. माझे वडील जिनगर. राज्य होतं तोवर घोड्यांची खोगिरं आणि लगाम करायचे, आता चामड्याच्या पिशव्या आणि मोटारींच्या बैठका शिवत. घरात माझी आत्या होती. ती लवकर विधवा झालेली, पण वडिलांनी तिला शिकवली आणि राज्याच्या काळात धारच्या मुलींच्या शाळेत ती वीस वर्षं मास्तरीण होती. माझी चौथीही तिच्याच हाताखाली झाली. तिच्यासमोर मी कधी काही लपवू शकले नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलीनं माझ्याकडे एक पोस्टकार्ड मागितलं. मैत्रिणीला लिहायचं होतं. मला आश्चर्य वाटलं, कारण मैत्रिणीचं नाव तिनं कधी काढलं नव्हतं. कोण मैत्रीण, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तीच. माझ्या नावाची."

मग आत्यानं तिला जवळ बसवून हळूहळू विचारलं आणि सगळं बाहेर आलं. त्या दोघी एकाच बाकावर बसायच्या. न कळवता तीन दिवस गैरहजर राहिलं तर मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर तासभर उभं करायचे. आमची आली नाही तेव्हा प्रथमनं ठरवलं, की हिला उभं राहावं लागू नये. म्हणून ती आपल्या नावाला बारीक आवाजात हजर म्हणायची आणि द्वितीयच्या नावाला मान खाली घालून जाड आवाजात. नऊ दिवस तिनं तसं केलं.

आत्या हसली. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी आत्याला म्हटलं, माझ्या मनात शाळा बदलायचं आहे. देवासात पलीकडच्या बाजूला, धाकट्या पातीची मुलींची एक लहान मिडल शाळा आहे, तीही आता सरकारीच झाली आहे. तिन्ही वर्ग मिळून चाळीसएक मुली. पण तिचं नाव काही नाही. आणि आता हे ऐकल्यावर वाटतं, की इथं तिला एक जीव लावणारी आहे, तिला तोडू कशी.

आत्यानं मुलीला पोस्टकार्ड काढून दिलं. दुसऱ्या दिवशी तळ्याकडे फिरायला गेलो तेव्हा म्हणाली, "तुझ्या पोरीची आठवण त्या दुसऱ्या पोरीनं ठेवली. ते काम बाईंचं होतं. अकरा वर्षांच्या पोरीवर ते टाकू नये."

मग तिनं मला सांगितलं, की जाऊन बघ. इमारत बघू नको, नकाशे बघू नको. मधल्या सुट्टीच्या आधी जा आणि दाराशी बस. मुली बाहेर येताना बाईंकडे बघतात की बाईंना चुकवून जातात, तेवढं बघ. चांगलं दिसलं तरी लगेच हो म्हणू नको, तिथं काय नाही ते विचारून घे.

देवासला परतल्यावर मी एका मंगळवारी धाकट्याला शेजारी ठेवून पलीकडे गेले. मामंजींना देवळात जाते म्हणून सांगितलं. देवळातही गेले, पण आधी शाळेत. ती शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. पूर्वी तिथं धाकट्या पातीचं कसलं तरी कोठार होतं, म्हणून खिडक्या उंचावर आणि लहान. अंगणात एक कडुलिंबाचं झाड. बाकं फक्त आठवीला, बाकी मुली टाटपट्टीवर, म्हणजे गोणपाटाच्या लांब पट्ट्यांवर. मी पडवीच्या पायरीवर बसले.

घंटा झाली. मुली बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून मोठ्या बाई. मनावर गावाकडच्या, माळवी घरातल्या, पन्नाशीच्या आसपास, जाडं सुती लुगडं, पायांत कडी. एका मुलीला थांबवून त्यांनी तिच्या कानातला कापूस पाहिला. दुसरीला विचारलं, माँ आली का मामाच्या गावाहून. तिसरी आपणहून त्यांच्यापाशी येऊन काहीतरी कुरकुर करायला लागली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि तिच्या हातात पाण्याचा लोटा दिला. एकही मुलगी त्यांना वळसा घालून गेली नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

मी हिंदीत सांगायला सुरुवात केली. माझी हिंदी तेव्हा अडखळायची. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग विचारलं, "छोरी को क्या नहीं आता?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे काय येतं ते विचारतात. मी म्हटलं, तिला लवकर बोलता येत नाही. बाकी येतं.

त्या म्हणाल्या, "तो हम रुकेंगे. यहाँ किसको जल्दी है."

मग आत्यानं सांगितलं होतं तसं मी विचारलं, इथं काय नाही. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. गाणं नाही. खेळायला मैदान नाही. प्रयोगाचं सामान एका पेटीत मावेल एवढंच. नववी नाही, म्हणजे आठवीनंतर मोठ्या शाळेतच जावं लागेल. आणि शेवटी म्हणाल्या, "अंग्रेजी मैं पढ़ाती हूँ बाई, और मुझे खुद कम आती है. ये सोच के लाना."

येताना मी हाच विचार करत आले. खोटं बोलून त्यांना एक मुलगी जास्त मिळाली असती. मुली कमी पडल्या तर शाळाच बंद करतील अशी तेव्हा कुजबुज होती, हे मला मागाहून कळलं.

शनिवारी हे आले. रविवारी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. इंग्रजीचं ऐकल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, राज्यं गेली तरी कचेऱ्यांतलं इंग्रजी गेलेलं नाही; इंग्रजी नसेल तर मुलगी मॅट्रिकला अडकेल. मी म्हटलं, आत्ताच अडकली आहे, तेही कुणाला दिसत नाही. बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तू रोज तिला बघतेस, मी आठवड्यातून एक दिवस बघतो. तुला वाटतं तसं कर. पण इंग्रजीचं मी आज सांगून ठेवलंय." आणि दाखल्याच्या अर्जावर सही केली.

मामंजी आतल्या खोलीतून ऐकत होते. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत एवढंच. तिसऱ्या दिवशी मी ताट वाढत असताना म्हणाले, "सूनबाई, त्या शाळेत मी तीस वर्षं बैठक मांडली. तिथून पोर काढून तू धाकट्या पातीच्या कोठारात नेऊन बसवणार." मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना काय लागलं होतं ते मला कळत होतं. त्यांचं काम गेलं होतं, आणि जिथं ते काम उठून दिसायचं अशी एकच जागा उरली होती.

मुलीला मी विचारलं नाही, सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. महिनाभर तिनं माझ्याशी बोलणं हो-नाहीवर ठेवलं. नवीन शाळेत जायची, यायची, वह्या नीट ठेवायची. रविवारी मी तिला प्रथमच्या घरी पाठवायची. पहिले दोन-तीन महिने ती गेली. मग प्रथमच्या घरी आजारपण आलं, मग परीक्षा आल्या, आणि जाणं कमी होत गेलं. ते मी जोडून ठेवायला हवं होतं. मी कामात होते आणि मला वाटलं, मुलींचं असंच असतं.

नवीन शाळेच्या वाटेवर बाजार लागायचा, तिथं टांग्यांची गर्दी. एकटीला पाठवायची भीती वाटायची म्हणून मामंजी तिला सोडायला जाऊ लागले. पण जायचे ते रस्त्यापर्यंतच. तिला हात धरून पलीकडे करायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. संध्याकाळी पुन्हा अलीकडच्या कडेला उभे राहून वाट पाहायचे. रस्त्यापासून शाळेपर्यंतचं अंतर तिनं एकटीनं चालायचं, हे दोघांत न बोलता ठरलं होतं.

जानेवारीत सव्वीस तारखेच्या झेंड्यासाठी शाळेत तयारी चालली होती. मोठ्या बाईंनी मुलींना विचारलं, कुणाच्या घरून सतरंजी मिळेल का. आमची उभी राहिली आणि म्हणाली, की तिचे आजोबा दरबाराची बैठक मांडायचे. तिथं ती आपणहून उभी राहून बोलली, हे मला नंतर तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः आमच्या घरी आल्या. मामंजींसमोर खाली बसल्या आणि माळवीत म्हणाल्या, की दादासाहेब, आमच्याकडे पाहुणे येणार आहेत आणि आम्हाला बैठक घालता येत नाही, तुम्ही येऊन सांगा. मामंजी म्हणाले, बघतो.

पंचवीस तारखेला सकाळी ते काळी टोपी घालून निघाले आणि रस्ता ओलांडून थेट शाळेपर्यंत गेले. दुपारी परत आले तेव्हा चिडलेले होते. म्हणाले, ती सतरंजी जागोजाग फाटली आहे, पडवीची जमीन तिरकी आहे, आणि मुलींना कड ओढून धरता येत नाही. पुढे पाच मिनिटं ते हेच बोलत होते. तेव्हापासून ते मुलीला शाळेच्या दारापर्यंत सोडायला लागले.

सहावीच्या वार्षिक परीक्षेत ती वर्गात तिसरी आली. पंधरा मुलींत तिसरी, म्हणजे फार मोठं काही नाही, हे मलाही कळत होतं. पण बोलण्यात फरक पडला. अजूनही थांबूनच बोलायची, पण थांबल्यावर बोलायची. सातवीत तिला कविता म्हणायला उभं केलं. आठवीत ती लहान मुलींना हिशेब शिकवायची, कारण बाई तीनच आणि एखादी रजेवर असली की आठवीच्या मुली सहावी सांभाळत. ह्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, शाळेत शिकायला पाठवतो की शिकवायला. त्यांचंही बरोबर होतं.

आठवीच्या मध्यात मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला आणि बदल्यांचे हुकूम निघाले. मोठ्या बाईंची बदली सरदारपूरला झाली. आठ दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या बाई शिस्तीच्या, कामाला चोख. इंग्रजी त्यांना खरंच चांगलं येत होतं. पण मधल्या सुट्टीत त्या खोलीतच बसत. शाळा तीच, मुली तेवढ्याच, लिंबही तिथंच, आणि तरी महिन्याभरात ती दुसरीच शाळा वाटायला लागली. मी तोवर समजत होते की शाळा लहान म्हणून चांगली आहे. ते अर्धंच खरं होतं. आमच्या मुलीच्या नशिबानं तिची दोन वर्षं त्या बाईंच्या हाताखाली गेली. दोन वर्षं उशिरा कुणी आपली मुलगी तिथं घातली असती तर तिला दुसरंच काही मिळालं असतं.

नववीला ती मोठ्या शाळेत परत गेली. तेव्हा तिथं तुकड्या झाल्या होत्या. प्रथम तिथं नव्हती. आठवीनंतर तिचं लग्न झालं होतं, उज्जैनकडे कुठंतरी. आम्हाला पत्रिका आली नव्हती. मुलीनं ते शाळेत ऐकलं आणि घरी येऊन मला सांगितलं. मग पहिल्यांदा तिनं ते विचारलं, तीन वर्षांनी.

"मला शाळेतून काढलंस तेव्हा विचारलं का नाहीस?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मुलांना विचारायची रीत नव्हती हे आहेच. पण माझं कारण ते नव्हतं. "मला भीती होती, तू नाही म्हणशील. आणि तू नाही म्हटलं असतंस तर मला ते करवलं नसतं."

ती म्हणाली, "मी नाहीच म्हटलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "मोठ्या बाई चांगल्या होत्या." त्यापुढे तिनं काही सांगितलं नाही, आणि कुठलं वाक्य किती वजनाचं, हे मीही विचारलं नाही.

इंग्रजीचं मात्र हे म्हणाले होते तसंच झालं. नववीत ती कशीबशी पार पडली. मॅट्रिकला बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास. निकाल लागला त्या रविवारी हे मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी तिला जेवायला वाढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. वाटलं, की तिला बोलती करायला गेले आणि पुढची वाट मीच अडवली.

त्या उन्हाळ्यात हे तिला सोनकच्छला आपल्या खोलीवर घेऊन गेले. दीड महिना ती तिथं होती. दिवसा ते कचेरीत, ती खोलीवर. संध्याकाळी जेवणं झाली की कचेरीतले जुने इंग्रजी छापील कागद, रद्दीतली वर्तमानपत्रं, जे मिळेल ते घेऊन दोघं बसायची. ह्यांचं स्वतःचं इंग्रजी अर्जाफाट्यांचं, म्हणून ती शिकली तेही तसलंच. पण शिकली. तिच्या जन्मापासून त्या दोघांनी एवढा वेळ एकत्र कधी घालवला नव्हता. पुरवणी परीक्षेत ती इंग्रजीत पास झाली, दोन-चार गुणांनी.

धाकट्याची मिडलची वेळ आली तेव्हा आम्ही त्याला मुलांच्या मोठ्या शाळेतच घातलं. तो पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून ओरडून हजर म्हणाला असणार. त्याला कुणी विसरेल अशी काळजी मला कधी वाटली नाही. शेजारणी विचारायच्या, मुलीसाठी लहान शाळा आणि मुलासाठी मोठी, हे कसं. मी म्हणायची, दोघं वेगळी आहेत. त्यांना ते पटायचं नाही.

मुलीनं पुढे इंदूरला परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं मनात घेतलं. ह्यांना ते पसंत नव्हतं, तिनं मास्तरीण व्हावं असं त्यांचं मत. मलाही रात्रपाळ्यांची धास्ती होती. मामंजी तेव्हा फार थकले होते, त्यांनी नुसतं विचारलं, इंदूरला राहणार कुठं. तिनं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग एक दिवस इंदूरला जाऊन फॉर्म घेऊन आली. हिंदीतला मजकूर हिंदीत आणि इंग्रजीतला इंग्रजीत, सगळा स्वतः भरला, आणि रविवारी सकाळी चहा झाल्यावर सहीसाठी आमच्यापुढे ठेवला.